एकाच नाकपुडीची सर्दी

सर्दी-पडशाला आपल्याकडे कोणी आजार म्हणत नाही. पावसाळ्यात ते यायचे, चार-आठ दिवस मुक्काम करायचे आणि आल्या वाटेने निघून जायचे, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. सुंठीचा काढा, ओव्याची पुरचुंडी, निलगिरीच्या तेलाचा वाफारा एवढ्यावर बहुतेकांचे भागते. मग नाकावर एक सबंध भाषण कशाला, असे आपणांपैकी कोणाला वाटले तर त्यात नवल नाही.

पण मंडळी, काही सर्दी अशी असते की ती जातच नाही. महिना होतो, दोन महिने होतात, वर्ष उलटते. नाक वाहते, गाल दुखतो, डोके जड होते आणि माणूस म्हणतो, "मला सायनसचा त्रास आहे." हा शब्द आता खेड्यापाड्यांतही रुळला आहे. त्या शब्दाने आपले समाधान होते आणि पुष्कळदा तिथेच घोटाळा होतो. कारण सायनस हे रोगाचे नाव नव्हे, ते शरीरातल्या एका जागेचे नाव आहे. विहिरीच्या पाण्याला वास येतो, एवढे म्हणून भागत नाही. आत पाला कुजला आहे, की मांजर पडून मेले आहे, की शेजारचे गटार झिरपते आहे, हे वाकून पाहावे लागते. सायनसचेही तसेच आहे. तिथल्या बिघाडाची काही कारणे ऐकून चमत्कारिक वाटावीत अशी आहेत, आणि ती ओळखली गेली नाहीत तर माणूस वर्षानुवर्षे गोळ्या खात राहतो. आज त्या कारणांचा आणि त्यांवरच्या शस्त्रक्रियांचा विचार करू. वैद्यक हा माझा विषय नव्हे, मी शिकवणारा माणूस. तेव्हा हे सांगणे औषधाची चिठ्ठी म्हणून घेऊ नये. डॉक्टरांकडे केव्हा जावे हे कळावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

प्रथम जागा पाहू. आपल्या चेहऱ्याची हाडे भरीव नाहीत. नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या आहेत. त्यांच्या चार जोड्या. सर्वांत मोठी जोडी गालाच्या हाडांत. मोठ्या माणसाच्या गालातल्या एका पोकळीत सुमारे 15 मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे पाणी मावेल. दुसरी जोडी कपाळात, भुवयांच्या वर. तिसरी नाकाचे मूळ आणि डोळा यांच्या मध्ये. ही एकच खोली नसून मधाच्या पोळ्यासारखी लहान लहान घरे आहेत. चौथी जोडी सर्वांत मागे, कवटीच्या तळाशी. या सर्व पोकळ्यांचे शेजारी मोठे नाजूक आहेत: एका अंगाला डोळा, वरच्या अंगाला मेंदू, खालच्या अंगाला दाढांची मुळे. मधल्या भिंती काही ठिकाणी कागदाएवढ्या पातळ. ही शेजारपणाची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा वारंवार उपयोग होणार आहे.

आता गंमत पाहा. आपण घर बांधतो तेव्हा मोरीचे भोक जमिनीशी ठेवतो. गालातल्या पोकळीचे भोक मात्र वर, जवळजवळ छताशी आहे! मग आत साठलेला पातळ शेंबूड बाहेर जातो कसा? त्यासाठी निसर्गाने निराळी योजना केली आहे. पोकळीच्या आतल्या ओलसर अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस आहेत. वाऱ्याने गव्हाचे शेत डोलावे तसे ते सेकंदाला दहा-बारा वेळा एकाच दिशेने हलत राहतात आणि आतला चिकट थर, त्यात अडकलेल्या धुळीसकट आणि जंतूंसकट, चढणीवरून ढकलीत नेमका त्या भोकापर्यंत नेतात. हा कारभार चालू आहे तोवर आपल्याला पोकळ्या आहेत याचा पत्ताही लागत नाही. भोक बुजले, किंवा केस हलायचे थांबले, की पाणी तुंबते, सडते आणि पू होतो.

भोक बुजण्याची नेहमीची कारणे आपल्याला ठाऊक आहेत. सर्दीने अस्तर सुजते, धुळीच्या किंवा परागांच्या वावड्याने सुजते, नाकाचा मधला पडदा वाकडा असतो. याला आपण "नाकाचं हाड वाढलंय" म्हणतो, पण हाड वाढत नाही, पडदा कललेला असतो. कधी अस्तरालाच द्राक्षासारखे फिकट कोंब फुटतात, त्याला आपण मांस वाढणे म्हणतो. ही झाली नित्याची मंडळी. त्यांचा त्रास बहुधा दोन्ही बाजूंना असतो, कधी उजवीकडे जास्त तर कधी डावीकडे.

म्हणूनच आजच्या भाषणातून एकच वाक्य घरी न्यायचे असेल तर हे न्या: त्रास सतत एकाच बाजूला असेल, एकाच नाकपुडीतून घाण येत असेल, एकच नाकपुडी बंद राहत असेल, तर ती साधी सर्दी समजू नका. प्रत्येक वेळी काही भयंकर निघेल असे नाही. पण एका अंगाच्या दुखण्याला काहीतरी जागच्या जागी असलेले कारण असण्याचा संभव मोठा, आणि ते कारण शोधले पाहिजे.

पहिले कारण दाढेचे. वरच्या दाढांची मुळे गालातल्या पोकळीच्या अगदी तळाशी टेकलेली असतात. काहींच्या बाबतीत मधे फक्त पातळ पापुद्रा असतो. दाढ किडली, मुळाशी पू झाला, की तो खाली हिरडीत फुटण्याऐवजी वर पोकळीत फुटतो. मग दाढ दुखायची थांबते, माणसाला वाटते बरे झाले, आणि दोन महिन्यांनी त्याच बाजूच्या नाकपुडीतून घाण वासाचा पू येऊ लागतो. दाढेचा आणि नाकाचा संबंध त्याच्या स्वप्नातही येत नाही. हा संबंध वैद्यांना मात्र फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. नॅथॅनिएल हायमोर नावाच्या इंग्रज वैद्याने 1651 साली आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात गालातल्या या पोकळीचे वर्णन केले, त्यात त्याने एका बाईची हकीकत दिली आहे. तिचा वरचा सुळा काढल्यावर त्या खाचेतून पाणी पाझरत राही. तिने कुतूहलाने त्यात एक बारीक सळई घालून पाहिली, ती आत आतच जाऊ लागली. पिसाची काडी घातली, तीही गेली. आपल्या मेंदूपर्यंत भोक पडले आहे अशी समजूत होऊन बाई भेदरली. हायमोरने तिला समजावले की ती जागा मेंदूची नव्हे, गालातल्या पोकळीची आहे.

अशी भोके आजही पडतात. दाढ काढताना तळाचा पापुद्रा फाटला तर तोंड आणि नाक यांच्यात वाट होते. खूण अगदी सोपी: चूळ भरली की पाणी नाकातून बाहेर येते. लहान भोक आपले आपण भरून येते. मोठे असेल तर गालाच्या आतली किंवा टाळूची त्वचा सरकवून त्यावर शिवावी लागते. कधी दाढेचे तुटलेले मूळ, कधी नवा दात बसविण्यासाठी घातलेला धातूचा खिळादेखील वर पोकळीत निसटतो, आणि तो काढल्याशिवाय पू थांबत नाही. इथे तत्त्व असे की दाढ आणि पोकळी या दोघींचा इलाज बरोबरीने व्हावा लागतो. नुसती पोकळी धुतली आणि दाढ तशीच ठेवली, तर गळके छप्पर ठेवून घर पुसण्यासारखे होईल.

दुसरे कारण लहान मुलांचे, आणि शिक्षकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. दोन-चार वर्षांचे मूल हाताला लागेल ते नाकात घालते: चिंचोका, हरभरा, मणी, खोडरबराचा तुकडा, खडूचा तुकडा. घालते आणि विसरते. दाणा आत ओलाव्याने फुगतो. काही दिवसांनी एकाच नाकपुडीतून घाणेरडा, कधी रक्तमिश्रित शेंबूड येऊ लागतो. मणी किंवा खडा असेल तर तो वर्षानुवर्षेही राहू शकतो. त्याच्यावर क्षारांची पुटे चढून नाकातच खडा तयार होतो, आणि मोठेपणी कोणी डॉक्टर दुर्बिणीने पाहतात तेव्हा त्या खड्याच्या पोटात लहानपणचा मणी सापडतो. घरच्या घरी चिमटा किंवा हेअरपिन घालून तो काढायला जाऊ नये. तो आणखी आत सरकतो आणि श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. डॉक्टर योग्य हत्याराने तो पुढे ओढून काढतात.

यात एक वस्तू मात्र सर्वांहून निराळी: खेळण्यांत, घड्याळांत आणि लहान रिमोटमध्ये असणारी बटणासारखी चपटी बॅटरी. ती नाकात गेली की ओल्या अस्तराला टेकून विजेचा प्रवाह सुरू होतो, तिथे दाहक क्षार तयार होतो आणि काही तासांतच नाकाचा पडदा जळून त्याला भोक पडू शकते. चिंचोका उद्या काढला तरी चालेल, बॅटरी आजच, आत्ताच काढली पाहिजे. मूल नाकाशी चाळा करते आहे आणि खेळण्यातली बॅटरी सापडत नाही, एवढे कळले तरी गाडी पकडावी.

तिसरे कारण सांगायला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. नाकात अळ्या पडणे. एका रोगात नाकाचे अस्तर सुकत जाते, आतली हाडे झिजतात, नाक भकास रुंद होते, हिरवट खपल्या धरतात आणि दुर्गंधी सुटते. पीनस म्हणून आपले लोक याला ओळखतात. विशेष हे की स्वतः रोग्याला ती दुर्गंधी येत नाही, कारण त्याची वासाची शक्तीच गेलेली असते. ती येते भोवतालच्यांना. त्या वासाने एका जातीची माशी ओढली जाते. झोपलेल्या माणसाच्या नाकात ती अंडी घालते, दिवसभरात अळ्या होतात आणि त्या जिवंत मांस पोखरू लागतात. नाक सळसळते, भयंकर दुखते, रक्त येते, चेहरा सुजतो. गुरांच्या जखमांत अळ्या पडतात तसाच हा प्रकार आहे. गावात याला पापाचे फळ वगैरे म्हणण्याची वाईट चाल आहे. त्यात पाप नाही आणि पुण्यही नाही, माशी आहे. रुग्णालयात अळ्या गुंगवून एकेक करून चिमट्याने काढतात, आणि हे तातडीने करावे लागते, कारण भिंती कागदाएवढ्या पातळ आहेत हे आपण पाहिलेच.

मुळातल्या पीनसावर रोज मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा पाया आहे. त्यावर एक शस्त्रक्रिया आहे, ती ऐकून आपण चकित व्हाल. ऑस्टिन यंग या शस्त्रवैद्याने 1967 साली तिची माहिती प्रसिद्ध केली. या शस्त्रक्रियेत नाकपुडी चक्क शिवून बंद करतात! कोरडी हवा आत जायची थांबली की अस्तराला विसावा मिळतो आणि ते पुन्हा ओलसर होऊ लागते. पुष्कळ महिन्यांनी टाके उघडतात. शेत काही काळ पडीत ठेवल्यावर त्याचा कस परत यावा, तसाच हा उपाय आहे. या रोगापायी मुलींची लग्ने अडतात, शाळेत मुलाला कोणी शेजारी बसू देत नाही. त्या मुलाला शेवटच्या बाकावर पाठवण्याऐवजी दवाखान्यात पाठवले, तर गुरुजींनी एका आयुष्याचे सोने केले असे मी म्हणेन.

चौथे कारण बुरशीचे. हवेत बुरशीचे कण सर्वत्र असतात. शिळ्या भाकरीवर येते तीच जात-कुळी. एखादा कण पोकळीत रुजतो आणि आत बुरशीचा घट्ट गोळा होतो. पुष्कळदा उतारवयातल्या माणसांत, स्त्रियांत अधिक, आणि एकाच बाजूला. दाढेच्या मुळात भरलेले जस्तयुक्त औषध वर पोकळीत गेले तर त्यावर बुरशी विशेष पोसते, असे आढळले आहे. हा गोळा गोळ्यांनी विरघळत नाही, तो काढूनच टाकावा लागतो, आणि एकदा नीट काढला की बहुधा पुन्हा औषधही लागत नाही. दुसऱ्या प्रकारात बुरशीचे वावडे असते. पोकळ्या चिकट, राळेसारख्या घट्ट द्रव्याने भरतात, हाडे हळूहळू ताणली जातात आणि कधी डोळा पुढे आलेला दिसतो. हा प्रकार तरुणांत दिसतो आणि त्यात शस्त्रक्रियेनंतरही दीर्घकाळ उपचार ठेवावे लागतात.

तिसरा प्रकार मात्र आपण सर्वांनी पाहिला आहे. 2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत "काळी बुरशी" हा शब्द घरोघरी पोचला. त्या वर्षी जुलैच्या मध्यापर्यंतच देशात 45,000 हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त तोडते, आणि रक्त तुटलेले मांस काळे पडून मरते. म्हणून ती काळी. निरोगी माणसाला ती सहसा काही करीत नाही. मधुमेह हाताबाहेर गेला असेल, त्यात स्टेरॉइडची औषधे फार दिवस चालली असतील, तर तिचे फावते. इथे मेलेला भाग पूर्ण काढून टाकणे, अँफोटेरिसिन हे औषध शिरेतून देणे आणि साखर ताब्यात आणणे, या तिन्ही गोष्टी एकदम कराव्या लागतात. कित्येकांचा वरचा जबडा गेला, काहींचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागला. लाट ओसरली, पण मधुमेह ओसरलेला नाही, आणि ही बुरशी आजही अधूनमधून रुग्ण गाठते. मधुमेही माणसाचा एक गाल बधिर झाला, टाळूवर काळा डाग दिसला, एका डोळ्याची पापणी सुजली, तर सकाळची वाट पाहू नये.

पाचवे कारण तळ्याचे. ज्या तळ्यात गुरे धुतात त्याच तळ्यात पोहण्याने, किंवा नदीत बुडी मारून वाळू काढण्याने, नाकात एक लालभडक, स्ट्रॉबेरीच्या फळासारखा कोंब येतो. त्यावर पांढरे बारीक ठिपके असतात आणि हात लागताच रक्त येते. ग्वीयेर्मो सीबर याने 1900 साली अर्जेंटिनात या जीवाचे प्रथम वर्णन केले. पण हा रोग सर्वांत अधिक आढळतो तो आपल्या देशात आणि श्रीलंकेत. पुष्कळ वर्षे या जीवाला बुरशी समजत. अलीकडच्या अभ्यासाने तो माशांच्या काही परोपजीवींचा भाऊबंद ठरला आहे. हा कोंब मुळासकट काढून बुंधा डागावा लागतो. बुंधा राहिला की तण माजावे तसा तो पुन्हा येतो.

आणखी काही कारणे थोडक्यात सांगतो. गालातल्या पोकळीचे भोक चुपचाप बंद होते, आतली हवा शोषली जाते, पोकळी आत ओढली जाते आणि तिच्या छतावर टेकलेला डोळा खोल जातो. दुखत काहीच नाही. माणूस आरशात पाहतो तेव्हा एक डोळा लहान दिसतो. 1994 साली डॉक्टरांनी या विकाराला "मुका सायनस" अशा अर्थाचे नाव दिले. बंद दार उघडले की पोकळीत पुन्हा हवा खेळू लागते. दुसरी गोष्ट: वाकले की एका नाकपुडीतून स्वच्छ, पाण्यासारखे थेंब टपटप गळतात, विशेषतः डोक्याला मार लागल्यानंतर. ही सर्दी नव्हे, ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. त्या वाटेने जंतू वर जाऊन मेंदूज्वर होण्याचे भय असते. हे भोक बुजवण्यासाठी 1926 साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांना कवटी उघडावी लागली होती. आता बहुतेक वेळा ते नाकातूनच बुजवतात.

तिसरी गोष्ट सुतारबांधवांसाठी. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या आणि लाकडी सामान बनवणारे गाव. तिथल्या कारागिरांत नाकाच्या पोकळ्यांचा एक विरळा कर्करोग वारंवार आढळतो, हे एस्मी हॅडफील्ड या शस्त्रवैद्य बाईंच्या नजरेत आले, आणि 1960 नंतरच्या दशकात त्या व त्यांचे सहकारी यांनी त्याचा संबंध लाकडाच्या बारीक भुशाशी दाखवून दिला. पुढे चामड्याचे जोडे बनवणाऱ्यांतही तो आढळला. हा रोग विरळाच, घाबरून रंधा खाली ठेवण्याचे कारण नाही. पण घासकाम करताना नाकातोंडाला चांगला मास्क बांधावा, आणि एका नाकपुडीतून वारंवार रक्त आले तर तपासून घ्यावे.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. नाकातले कोंब काढण्याची खटपट फार पुरातन आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेत दोरीला स्पंजाचा तुकडा बांधून तो नाकातून घशाकडे ओढून घेत आणि कोंब उपटीत. नुसते ऐकूनच नाक दुखते! गालातल्या पोकळीसाठी अमेरिकेत कॉल्डवेल यांनी 1893 साली आणि फ्रान्समध्ये ल्यूक यांनी 1897 साली जवळजवळ सारखीच रीत काढली: वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर छेद घ्यायचा, गालाचे हाड फोडून आत शिरायचे, सडलेले अस्तर खरवडून काढायचे आणि नाकाच्या तळाशी नवी खिडकी पाडायची. पाणी खाली वाहते, तेव्हा मोरी खाली असावी, हा त्यामागचा सरळ विचार. पाऊण शतकाहून अधिक काळ ही शस्त्रक्रिया चालली आणि अनेकांना गुणही आला. पण पुष्कळांचा त्रास फिरून येई, गाल बधिर राही.

असे का व्हावे? याचे उत्तर ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरी मेसरक्लिंगर यांच्या चिकाटीच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. अस्तरावरचा थर कसा सरकतो हे त्यांनी तासन्‌तास निरखले. खाली कितीही मोठी खिडकी पाडा, ते सूक्ष्म केस शेंबूड त्या खिडकीला वळसा घालून वरच्या मूळ दाराकडेच नेतात! जन्मापासूनची वाट त्यांना पाठ असते. तेव्हा नवी मोरी पाडण्यात अर्थ नाही, मूळ दारच मोकळे केले पाहिजे; आणि ते बहुधा डोळा व नाक यांच्यामधल्या त्या पोळ्यासारख्या घरांच्या अरुंद बोळात अडलेले असते. बोळ मोकळा केला की आतले अस्तर खरवडण्याची गरज नाही, ते आपले आपण सुधारते.

हा विचार प्रत्यक्षात उतरला तो दोन शोधांमुळे. इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी 1959 च्या सुमारास काचेच्या दांड्या बसवून पेन्सिलीहून बारीक आणि लख्ख दाखवणारी दुर्बीण सिद्ध केली. आणि 1971 साली इंग्लंडमध्येच सीटी स्कॅनचा पहिला रुग्ण तपासला गेला. त्यातून हाडांचा बारकाव्याने नकाशा मिळू लागला. अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी 1985 साली या नव्या पद्धतीचा पुरस्कार केला आणि ती जगभर पसरली. आपल्याकडे तिलाच "दुर्बिणीचे ऑपरेशन" म्हणतात. बहुधा पूर्ण भूल देतात. चेहऱ्यावर छेद नाही, टाका नाही. सारे काम नाकपुडीतून चालते. बुरशीचा गोळा, खडा, निसटलेले दाढेचे मूळ, सर्व याच वाटेने बाहेर येऊ शकते.

यासंबंधी लोक तीन प्रश्न हमखास विचारतात. पहिला: "ऑपरेशन करून पुन्हा होतंच ना?" उत्तर कारणावर अवलंबून आहे. बुरशीचा गोळा, बाहेरची वस्तू, दाढ, असे जागचे कारण असेल तर ते गेले की त्रास बहुधा कायमचा जातो. वावड्याचे कोंब असतील तर ते पुन्हा येऊ शकतात, कारण वावडे कापता येत नाही. तिथे शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते आणि पुढे फवारा व नाक धुणे चालू ठेवावे लागते. काहींना दमा, नाकातले कोंब आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांचे वावडे अशी तिन्ही एकत्र असतात. त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगितली पाहिजे. दुसरा प्रश्न: "डोळ्याला, मेंदूला धोका नाही का?" धोका आहे, पण थोडा, शेजार नाजूक आहे म्हणूनच आधी सीटी स्कॅनचा नकाशा पाहतात. तिसरा प्रश्न: "आधी औषध घेऊन पाहू नये का?" जरूर पाहावे. नेहमीच्या सायनसच्या त्रासात औषधांचा आणि नाक धुण्याचा नीट प्रयत्न झाल्याशिवाय चांगला डॉक्टर सुरी उचलत नाही. मात्र एकाच बाजूचा त्रास असेल तर औषधे देत राहण्याआधी दुर्बिणीने आत पाहणे श्रेयस्कर.

नाक धुण्याबद्दल एक इशारा. पाणी उकळून कोमट केलेले हवे. ओढ्याचे, विहिरीचे किंवा नळाचे कच्चे पाणी नाकात ओढू नये. त्यातून क्वचित मेंदूला जीवघेणा संसर्ग होतो.

आता कृतीचे तेवढे सांगून पुरे करतो. सर्दीबरोबर डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, ताप चढून मान ताठली, किंवा असह्य डोकेदुखीबरोबर गुंगी आली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांहून अधिक काळ नाक वाहत असेल, तर दुकानातून गोळ्या आणणे थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा विभाग असतो. जाताना दाढ केव्हा काढली, डोक्याला केव्हा मार लागला, मधुमेह आहे का, धंदा कोणता, पोहणे कुठे होते, हे सारे आठवून सांगावे. वरवर नाकाशी संबंध नसलेली हीच माहिती कित्येकदा कारण दाखवून देते.

आणि शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, वर्गात एखादे मूल "शेंबडे" म्हणून ओळखले जात असेल, तर एकदा त्याच्याजवळ बसून पाहा. शेंबूड दोन्ही नाकपुड्यांतून येतो की एकीतूनच? त्याला वास आहे का? मूल तोंडाने श्वास घेते का? एवढे पाहायला डॉक्टर व्हावे लागत नाही. एकाच बाजूने येत असेल तर आई-वडिलांना बोलावून घ्या आणि त्यांना दवाखान्याची वाट दाखवा. आत कदाचित नुसता चिंचोका निघेल. तो निघाला की दोन-चार दिवसांत मूल इतरांसारखे होईल, आणि त्याचे ते टोपणनाव पुसायला मात्र आपण सर्वांनी मदत केली पाहिजे.